ताटली पाण्यात आहे

शनिवारी सकाळी शिकागोतल्या देशी दुकानांच्या डेव्हन ॲव्हेन्यूवर गाडी लावायला जागा शोधत माझी तिसरी फेरी चालू होती, तेव्हा शैलाकाकूंचा फोन आला. पुढे एक गाडी निघायच्या बेतात होती, म्हणून मी फोन स्पीकरवर घेतला. "विनायक, काका गेले रे. मी चहा ठेवला, हाक मारली, उठलेच नाहीत," एवढंच त्या म्हणाल्या. पुढची गाडी निघाली, मागच्याने हॉर्न वाजवला, मी रिकाम्या जागेत गाडी लावली आणि इंजिन बंद करून बसून राहिलो. त्या वेळी मला सर्वांत आधी काय वाटलं, ते लिहिल्याशिवाय काकांविषयी लिहिण्यात अर्थ नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. आता सांगावं लागणार नाही, असं वाटलं... रडू नंतर आलं. त्या रस्त्यावर दर शनिवारी आम्ही दोघं मिळून जायचो आणि गेल्या आठ महिन्यांत मी त्यांच्या घराची पायरी चढलो नव्हतो.

श्रीधर गद्रे मूळचे सांगलीचे. सत्तरच्या दशकात इकडे आलेल्या पिढीतले सिरॅमिक इंजिनियर. सगळी नोकरी संडास आणि बेसिन बनवणाऱ्या कारखान्यांत झाली, आधी ओहायोत, मग शिकागोजवळ. इथल्या महाराष्ट्र मंडळात त्यांच्या वयाचे डॉक्टर बरेच. ते त्यांना 'कमोडवाले गद्रे' म्हणत, आणि काकाच ते नाव सर्वांत जोरात वापरत. "अहो डॉक्टर, तुमचा पेशंट वर्षातून एकदा तुमच्याकडे येतो. माझ्याकडे रोज सकाळी बसतो!" मी नागपूरहून आलो तेव्हा तिशीत होतो, व्हिसावर, कंपनीने दिलेल्या अपार्टमेंटमध्ये. गणपतीच्या जेवणाच्या रांगेत ते माझ्या पुढे उभे होते. त्यांनी हातातली कागदाची प्लेट उलटी करून तिचा तळ बघितला, मग मान वळवून मला गंभीरपणे म्हणाले, "तळाला काही लिहिलेलं नाही. वरणभात जपून वाढून घ्या." तळ बघायची ही त्यांची सवय. कुणाच्याही घरी, हॉटेलात, लग्नात, समोर ताटली आली की ती उलटी व्हायची. काकू म्हणायच्या, "एकदा यांनी आमटीसकट उलटी केली होती. विचार त्यांना."

निवृत्तीनंतर ते एस्टेट सेलना जायला लागले. इथे एखादं म्हातारं माणूस गेलं की घरातल्या सगळ्या वस्तू मांडून विकतात, अनोळखी लोक खोल्याखोल्यांतून हिंडतात. मला ते बघवत नसे. काका मात्र सरळ स्वयंपाकघरात जाऊन कपाटातल्या बशा उलट्या करू लागत. अशाच एका घरात त्यांना पहिली ताटली मिळाली. पांढऱ्या जमिनीवर निळा-पिवळा काठ, मध्ये नदीवर कपडे धुणारी बाई, आणि मागे कारखान्याच्या शिक्क्याखाली ब्रशच्या एका झटक्यात काढलेली गोगलगाय. शिक्का होता तुर्नेल नावाच्या कारखान्याचा. तो कुठला, कधीचा, हे त्यांच्या ओळखीत कुणालाच ठाऊक नव्हतं. काकांना जे हवं होतं, ते मिळालं. पुढची बारा वर्षं त्यांनी तुर्नेलचा इतिहास शोधण्यात घालवली.

तो इतिहास मला त्यांच्याच तोंडून तुकड्या-तुकड्यांनी कळला. डेव्हनला जाताना, परत येताना, त्यांच्या तळघरातल्या टेबलापाशी चहा पिताना. मध्य फ्रान्समधल्या एका नदीकाठी तुर्नेल नावाचा माणूस कौलं भाजायचा. श्रीमंतांच्या घरी चिनी मातीची भांडी येऊ लागली, तेव्हा ती आपणही करावीत असं त्याला वाटलं. "पण त्याच्याकडे ती माती कुठली? नदीची तांबडी माती, कौलाची. मग त्याने काय केलं, तांबड्या अंगावर पांढरा सदरा चढवला. कथलाचं ग्लेझ. ग्लेझ म्हणजे आपल्या कमोडवर असतो तो काचेसारखा थर रे. नक्कल करायला गेला आणि झालं वेगळंच. ह्याला फायान्स म्हणतात." तुर्नेल लवकर गेला. कारखाना त्याच्या विधवेने चालवला. तिने आसपासच्या शेतांवरच्या मुली आणून त्यांच्या हाती ब्रश दिला. चित्र कच्च्या ग्लेझवरच काढायचं, भाजण्याआधी. तो थर पिठासारखा कोरडा असतो, रंग टेकताक्षणी पिऊन टाकतो. "खोडता येत नाही, पुसता येत नाही. हात चुकला तर चुकलेलीच ताटली भट्टीत जाते," काका हे सांगताना हवेत बोट फिरवायचे. त्या बायकांना ताटलीवर नाव घालायची मुभा नव्हती. मात्र कुणी किती रंगवल्या ते कळावं म्हणून तळाला प्रत्येकीची एक खूण असे. कुणाचं पान, कुणाचा मासा, कुणाच्या नुसत्या तीन रेघा. गोगलगाय त्यातली एक.

पुढे रेल्वे आली, तुर्नेलच्या ताटल्या पॅरिसच्या दुकानांत गेल्या, तिथून हौशी अमेरिकन प्रवाशांच्या पेट्यांतून इकडे आल्या. मग मोठ्या कारखान्यांचा छापील चित्रांचा स्वस्त माल आला, आणि मग पहिलं महायुद्ध. भट्टीवरचे पुरुष लढाईवर गेले. बायकांनी भट्ट्याही स्वतःच लावल्या, ओल्या लाकडावर. त्या काळातल्या ताटल्यांचा पांढरा रंग धुराने राखाडी झालेला असतो. काकांकडे तसली एक होती आणि ती त्यांची फार लाडकी. "क्वालिटी कंट्रोलवाल्याने ही फेकून दिली असती. मीच फेकली असती," ते म्हणायचे. युद्धानंतर थोड्या वर्षांत कारखाना बंद पडला, साचे नदीत टाकले गेले, आणि आज त्या जागी गाड्यांच्या टायरचं दुकान आहे. हे सगळं काकांनी शब्दकोश मांडीवर घेऊन, जुन्या याद्या वाचून, त्या गावच्या चिमुकल्या संग्रहालयाला ईमेल लिहून जमवलं. संग्रहालय एक निवृत्त शिक्षिका सांभाळते. काका तिला नुसतं 'मादाम' म्हणायचे. तिनेच कळवलं, की गावात पानवाली, मासेवाली, सगळ्या खुणांची भांडी आहेत, गोगलगायीचं एकही नाही. काकांकडे होत्या तीन. पैकी दोन तडकलेल्या. धड एकच, ती पहिली, नदीवरच्या बाईची.

मी एकदा त्यांना विचारलं, "काका, एवढं काय आहे त्या गोगलगायीत?" त्यांनी हातातली बशी उलटी केली. मग म्हणाले, "आमच्या कमोडच्या तळालाही माणसाचा नंबर असायचा, विनायकराव. बत्तीस वर्षं. एकदाही कुणी उलटं करून बघितलं नाही..." आणि लगेच हसून, "बघावं अशी अपेक्षाही नाही म्हणा!"

ठरलं असं, की वसंत ऋतूत काकांनी काकूंना घेऊन त्या गावी जायचं, ताटली हँडबॅगेत, स्वतःच्या मांडीवर. ती उन्हाळाभर तिथे मांडून ठेवायची. आयुष्यात पॅरिसचा विमानतळ त्यांनी वीसेक वेळा पाहिला असेल, भारतात येता-जाता. बाहेर पाऊल कधी टाकलं नव्हतं. मादामला छोट्या पुस्तिकेसाठी ताटलीचे फोटो हवे होते, पुढून आणि मागून. माझा कॅमेरा चांगला. सप्टेंबरमध्ये काकांनी ताटली मऊ टॉवेलमध्ये गुंडाळून माझ्या हातात दिली. "आठवडाभर ठेव. घाई नको. उजेड बघून काढ."

माझी आई तेव्हा नागपूरहून सहा महिन्यांसाठी आली होती. मी रविवारी सकाळी खिडकीच्या उजेडात फोटो काढले आणि ताटली डायनिंग टेबलावर ठेवून आर्याला, माझ्या मुलीला, पोहायला घेऊन गेलो. दुपारी दोन कुटुंबं जेवायला यायची होती. परत आलो तर घरभर मसाल्याचा वास, आणि टेबलाच्या मधोमध काकांच्या ताटलीत पाटवड्या, वरून गरम रस्सा ओतलेला. आई खुशीत होती. "इतकी देखणी ताटली, अन् तुम्ही लोकं कागदाच्या प्लेटीत जेवता बापा!" पाहुण्यांसमोर मी काही बोललो नाही. जेवणं लांबली, ताटली तशीच सिंकमध्ये राहिली, संध्याकाळी धुतली तेव्हा तिच्या सगळ्या अंगावर पिवळ्या रेषांचं जाळं उमटलं होतं. जुन्या फायान्सच्या ग्लेझला केसासारख्या बारीक भेगा असतात. एरवी त्या दिसतसुद्धा नाहीत. हळद आणि तेल त्यांतून आत उतरलं होतं. नदीवरच्या बाईचा चेहरा कावीळ झाल्यासारखा दिसत होता.

माझी बायको मेघना म्हणाली, "आत्ता फोन कर काकांना. सांगून टाक, यार. ते काय तुला खाणार आहेत का?" मी म्हणालो, आईला वाईट वाटेल. ते कारण खोटं नव्हतं, पण पुरेसंही नव्हतं. मला काकांच्या नजरेत चुकायचं नव्हतं. त्यांच्या मुलगा नसलेल्या घरात मी वीस वर्षं मुलासारखा वावरलो होतो, आणि पहिल्यांदाच त्यांनी मला काही सांभाळायला दिलं होतं. आईला कळू नये म्हणून मी ताटली लाँड्री रूममध्ये नेली, बादलीत कपड्यांचं ब्लीच ओतलं आणि ती रात्रभर बुडवून ठेवली. सकाळी बघतो तर पिवळं जवळजवळ गेलेलं. मला इतका आनंद झाला की मी ऑफिसला जाताना गाणं म्हणत होतो, हे आठवून आज लाज वाटते. चार-पाच दिवसांनी ताटली कोरडी पडत गेली तसा तळाला पांढरा भुगा दिसू लागला. पुसला की परत यायचा. मग गोगलगायीच्या शेजारी ग्लेझचा नखाएवढा पापुद्रा सुटला. मी तो फुंकरीने उडवला, ताटली टॉवेलमध्ये आणि वरून बबल रॅपमध्ये गुंडाळली, आणि शनिवारी काकांच्या दारात उभ्याउभ्या त्यांच्या हातात दिली.

"आत ये, चहा टाकलाय."

"आज नको काका. ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज आहे. पुढच्या शनिवारी नक्की."

पुढच्या शनिवारी आर्याची स्विमिंग मीट होती, त्यापुढच्या शनिवारी मला सर्दी होती. काकांचे फोन येत राहिले. "काय विनायकराव, झालं का तुमचं रिलीज?" त्यांच्या आवाजात कुठेही राग नव्हता, आणि त्यामुळेच मला जाणं जास्त अवघड होत गेलं. ताटलीचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. मग फोन कमी झाले. नव्या वर्षात मंडळाच्या ग्रुपवर काकूंनी लिहिलं की यांचे गुडघे बरे नाहीत, फ्रान्सची ट्रिप कॅन्सल केली आहे. मी खाली हात जोडल्याचं चिन्ह टाकलं. संक्रांतीच्या कार्यक्रमात आमची शेवटची भेट झाली. हॉलच्या पलीकडून ते माझ्याकडे चालत आले, अगदी नीट चालत आले... गुडघ्यांना काही झाल्याचं दिसलं नाही. हातावर तिळाची वडी ठेवली आणि हात तसाच धरून ठेवला. "ये की एकदा. घरी कुणी चावत नाही." मी म्हणालो, येतो. शेजारी आर्या उभी होती, ती म्हणाली, "आजोबा, चेक माय प्लेट!" त्यांनी तिची कागदाची प्लेट उलटी केली, चष्मा वर करून बघितली आणि म्हणाले, "व्हेरी रेअर!" ती हसली. मी तेवढ्यात पार्किंगमधून गाडी आणतो असं सांगून बाहेर पडलो.

जून महिन्यात ते गेले. फ्युनरल होममध्ये मी खुर्च्या लावल्या, लोकांना पार्किंग दाखवलं, सतत काहीतरी करत राहिलो. तीन आठवड्यांनी काकूंचा फोन आला. "खाली तळघरात तुझं काहीतरी आहे. मला त्यातलं कळत नाही. ये."

तळघरात टेबलावर नेहमीच्या जागी एक पांढरा प्लास्टिकचा टब होता, वर झाकण. शेजारी डिस्टिल्ड वॉटरचे गॅलन रांगेने. मी झाकण उघडलं. पाण्यात ताटली होती, पालथी. मागच्या बाजूला चार-पाच ठिकाणी ग्लेझ उडून खालची तांबडी माती दिसत होती, कौलाची माती. गोगलगायीची शिंगं गेली होती, शंख तेवढा शाबूत होता. टबाला टेकून औषधाची नारिंगी डबी उभी होती, काकांच्या हार्टच्या गोळ्यांची, त्यांचं नाव छापलेली. आत गोळ्या नव्हत्या. कापसात ठेवलेले पांढरे पापुद्रे होते.

"उघडल्या-उघडल्या नाकाला लावली रे त्यांनी," काकू पायरीवर बसत म्हणाल्या. "म्हणाले, पोराने ब्लीच घातलंय. मी म्हटलं, मग फोन करून विचारा. तर म्हणाले, नको, तो येईल सांगायला. पहिल्यांदा जरा चिडले होते. म्हणाले, हळदीचा डाग उन्हात जातो, चार दिवस खिडकीत ठेवली असती तरी झालं असतं, एवढं आपल्या घरातल्या पोराला माहीत नाही?" मी आईला विचारलं असतं तर तिनेही हेच सांगितलं असतं. आमच्या घरी हळद लागलेले कपडे कायम गच्चीवरच वाळत पडलेले असायचे. मला ते माहीत होतं. लहानपणापासून माहीत होतं...

पुढचं काकूंनी काकांकडून ऐकलं होतं तसं सांगितलं. ब्लीचचं मीठ मातीत मुरतं, वाळताना बाहेर यायला बघतं आणि ग्लेझ ढकलून पाडतं. उपाय एकच, ताटली स्वच्छ पाण्यात ठेवायची आणि पाणी बदलत राहायचं, महिनोन्महिने, मीठ सगळं निघेपर्यंत. काका रोज सकाळी खाली यायचे, मीटर बुडवून पाण्यातला खार मोजायचे, पाणी बदलायचे. ट्रिप कॅन्सल करायचं कारण गुडघे नव्हते, ही ताटली होती. मादामला पाठवलेल्या ईमेलची प्रत टेबलावरच्या फाइलमध्ये मला सापडली. साध्या इंग्रजीत दोन ओळी. ताटली जरा आजारी आहे. बरी झाली की मी तिला घेऊन येईन. ती कशाने आजारी पडली, कुणामुळे, याबद्दल एक अक्षर नव्हतं.

टबाच्या वर भिंतीला तीन-चार पानांचा तक्ता चिकटवला होता, काकांच्या इंजिनियरी अक्षरात, पट्टीने आखलेला. आठवड्याचे सात रकाने. सहा रकान्यांच्या वर लिहिलं होतं 'मी', आणि सातव्यावर, शनिवारच्या, 'विनायक'. सहा रकान्यांत निळ्या पेनने आकडे होते, हळूहळू उतरत गेलेले. शनिवारच्या रकान्यात, वरपासून खालपर्यंत, आकडे पेन्सिलीने लिहिलेले होते. फिकट, खोडता येतील असे. मी कितीतरी वेळ ते बघत राहिलो. काकू म्हणाल्या, "शनिवारी दहापर्यंत थांबायचे. तू आलास की तुझ्या हातून करून घ्यायचं होतं त्यांना. मग म्हणायचे, आज काही येत नाही तो, मीच घालतो त्याच्या ताटलीला आंघोळ."

"काकू, ताटली मी खराब केली," मी म्हणालो. आठ महिने गाडीत, शॉवरखाली, मीटिंगमध्ये म्यूटवर राहून मी या वाक्याची तालीम केली होती. ते म्हणायला एवढाच वेळ लागला.

"माहितीये रे," त्या म्हणाल्या. "पण तुला ते मला नव्हतं सांगायचं, त्यांना सांगायचं होतं."

आता टब आमच्या लाँड्री रूममध्ये आहे, ज्या जागी ती बादली होती तिथेच. आईला मी फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अरे, मला तेव्हाच का नाही बोलला?" मादामलाही मी पत्र लिहिलं, कशाने आणि कुणामुळे ते सगळं. आर्या शाळेत फ्रेंच शिकते, तिने ते फ्रेंचमध्ये केलं. लिहिताना एका वाक्यावर थांबून तिने मला विचारलं, "बाबा, यू रिअली वाँट मी टु राइट दिस?" मी हो म्हणालो. मादामचं उत्तर आलं आहे, की संग्रहालयात खुणांच्या रांगेत गोगलगायीची जागा त्यांनी रिकामी ठेवली आहे, आणि युद्धाच्या काळातल्या राखाडी ताटल्यांच्या शेजारी ही ताटली जशी आहे तशी चालेल. मीटरवरचा आकडा अजून स्वच्छ पाण्याएवढा उतरलेला नाही. उतरला की ताटली बाहेर काढून सावलीत वाळवायची, असं काकांनी तक्त्याच्या तळाशी लिहून ठेवलं आहे. मग काकूंना घेऊन मला त्या गावी जायचं आहे.

तक्ता मी भिंतीवरून जपून सोडवून आणला आणि टबाच्या वर लावला. काकांचं शेवटचं पान अर्धं कोरं होतं, तेच पुढे चालू ठेवलं आहे. रोज सकाळी मीटर बुडवतो, पाणी बदलतो, ताटली पालथी करून तळ बघतो. त्यांच्या पेन्सिलीच्या आकड्यांना मी हात लावलेला नाही. त्यांच्या खालच्या ओळीपासून, शनिवारच्या रकान्यात, मी पेनने लिहितो.